ताईची सीट

साताऱ्यातले फुटपाथ बाबागाडी ढकलण्याजोगे झाले होते, हीच या गोष्टीतली सगळ्यात न पटणारी बाब आहे. ती एकदा पचवलीत की पुढचं सगळं सोपं आहे.

केतकी जगदाळेला मात्र त्या फुटपाथांनी पेचात टाकलं होतं. निमित्त काढून घरी बसायची सोयच राहिली नव्हती. ती पोवई नाक्यावरच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत होती. बाळंतपणाची रजा संपायला आठ दिवस उरले होते. पाळणाघर प्रयोगशाळेच्या आवारातच होतं, पण घर गोडोलीत, आणि तिथून पोवई नाक्याकडे जायचं म्हणजे चांगलाच चढ. नवरा सुयोग कऱ्हाडच्या कारखान्यात, सकाळी सहालाच घराबाहेर पडणारा. म्हणजे पाच महिन्यांचं बाळ आणि साडेतीन वर्षांची सावनी, दोघांना घेऊन तो चढ केतकीनंच चढायचा. एकदा तिनं करून पाहिलं होतं. बाळ झोळीत, सावनी बोटाला, खांद्याला पिशवी. वर पोचेपर्यंत तिच्या नाकी नऊ आले आणि सावनीनं रस्त्यात तीनदा बसकण मारली.

"दोन सीटची बाबागाडी घ्यायची," सुयोगनं जाहीर केलं आणि एका रविवारी सगळं बिऱ्हाड दुकानात जाऊन थडकलं.

दुकानात शबाना तांबोळी नावाची एक चुणचुणीत बाई होती. तिनं सुयोगनं करून आणलेली सात मुद्द्यांची यादी हसऱ्या चेहऱ्यानं वाचली, घडी घालून परत त्याच्याच हातात दिली आणि म्हणाली, "दादा, प्रश्न एकच असतो. दोघांना शेजारी-शेजारी बसवायचं, की पुढे-मागे? बाकीचं सगळं कापडाच्या रंगावर जातं."

"फरक काय पडतो?" केतकीनं विचारलं. तिला असल्या गोष्टींत मनापासून रस वाटायचा.

"कोण कोणाकडे बघतंय, हा फरक."

केतकीच्या डोक्यात ते तेव्हा नीट शिरलं नाही, कारण सावनी तोवर एका गाडीत चढून बसली होती आणि "मला खिडकीची सीट!" म्हणून हटून बसली होती. बाबागाडीला खिडकी नसते हे तिला कोणी पटवून देऊ शकलं नाही.

ती गाडी 'सोबत' नावाची होती. शेजारी-शेजारी दोन सीटा, चढावर स्वतः जोर लावणारी मोटर, आणि वर शहाणपण. शहाणपण म्हणजे असं. दोन्ही सीटांच्या पाठीत वहीच्या पुठ्ठ्याएवढं एकेक रडार शिवलेलं होतं. श्वास घेताना मुलाची छाती काही मिलिमीटर हलते, हृदयाच्या ठोक्यानं त्याहून कितीतरी कमी. रडारची लहर छातीवर आपटून परत येते तेव्हा तेवढ्याशा हालचालीनंही तिच्यात फरक पडतो. त्यावरून गाडीला श्वास आणि ठोके मोजता येत. मूल रडायच्या मिनिट-दीड मिनिट आधी त्याच्या श्वासाची लय मोडते. आईला ते कळत नाही, गाडीला कळायचं. मग ती सीट डुलवायची, पाठ कलती करायची, डोक्यावरचा टप ओढायची, आवाज काढायची. तरी जमलं नाही तर गाडीची मूठ हलकीशी थरथरायची, म्हणजे ढकलणाऱ्यानं समजावं, आता तुम्ही बघा.

"आणि कोणत्या मुलाला काय लागतं ते तिला कसं कळतं?" केतकीनं विचारलं.

"शिकते ना मॅडम. तिला एकच सांगितलेलं असतं, रडणं कमीत कमी व्हायला पाहिजे. त्यासाठी काय करायचं ते ती आपलं आपण शोधते. पहिले सात दिवस घरातलं बोलणंही ऐकते. कोण कोणाचं काय लागतं, कोण काय करतं, सगळं. ते गाडीबाहेर कुठे जात नाही. एकवीस दिवस वापरून बघा, नाही पटली तर परत आणा."

मग शबानानं गाडी सुरू केली. गाडीनं गोड आवाजात विचारलं, "उजव्या सीटवर कोण बसलंय? नाव सांग ना."

सावनीनं मान ताठ केली, छातीवर हात ठेवला आणि ठणकावून सांगितलं, "मी ताई!"

सगळे खो खो हसले. सुयोगनं ते पुन्हा म्हणायला लावून त्याचं चित्रण केलं आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवलं. त्यात वावगं काय होतं? बाळ झाल्या दिवसापासून घरात सावनीला सावनी कोणी म्हणतच नव्हतं. आपल्याकडे हे असंच चालतं. पाळणा हलला की आधीचं लेकरू रात्रीतून ताई होतं.

गाडीनं कमाल केली. पहिल्या आठवड्यातच बाळाचं रडणं निम्म्यावर आलं, दुसऱ्या आठवड्यात जवळजवळ थांबलं. केतकी कामावर रुजू झाली. सकाळी नऊला गाडी गोडोलीतून निघायची, मोटर घूं करून चढ चढायची, आणि केतकी नुसता हात ठेवून मागनं चालायची. बाळ कुरकुरायला लागलं की शेजारून सावनी "मंऽ मंऽ मंऽ" असं आपल्याच चालीचं काहीतरी गुणगुणायची, त्याच्या पोटावर हात ठेवायची आणि बाळ शांत. लोक थांबून कौतुक करत. "काय गुणाची पोर आहे हो!" केतकीचा ऊर भरून यायचा. खोटं कशाला सांगा, चारचौघांत मिरवल्यासारखंही वाटायचं.

तेराव्या दिवशी पाळणाघरातल्या भोईटे बाईंनी तिला जरा बाजूला घेतलं.

"सावनीची झोप होत नाही का घरी?"

"होते की. का?"

"दिवसभर पेंगते हो. खेळायला बोलावलं तर येत नाही. आणि काल काय केलं माहितीय? माझ्या हातातला रुमाल घेतला आणि रांगेनं सगळ्या बारक्यांची नाकं पुसत सुटली. मला आधी हसू आलं." त्या थांबल्या. "मग नाही आलं."

 केतकी घाबरून बसणाऱ्यातली नव्हती. पाणी गढूळ आलं तर ते कुठल्या वळणावर गढूळ झालं हे शोधणं हाच तिचा रोजचा धंदा. घरी सावनी दहा तास गाढ झोपत होती, ते ती स्वतः बघत होती. पण त्या वयाच्या पोरीला दुपारची आणि येता-जातानाची डुलकीही लागते. गाडीत बसल्यावर सावनीचे डोळे मिटायचे, हे केतकीला आठवलं. मग ती जागी कधी व्हायची?

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगशाळेतला पहिला नियम. शनिवारी दुपारी तिनं बाळाला सुयोगपाशी ठेवलं आणि सावनीला एकटीला गाडीत घालून फिरवलं. सावनी दहा मिनिटांत झोपली ती पाऊण तास उठली नाही. तोंड उघडं, एक हात गाडीबाहेर लोंबतोय. रविवारी सकाळी दोघांना बसवलं. सावनी चारदा झोपली आणि चारदा दचकून उठली. मग केतकीनं त्यांच्या जागा बदलल्या. तरी तेच.

"बाळ रडल्यानं उठत असेल," सुयोग म्हणाला.

"बाळ रडलंच नाहीये ना अरे! एकदाही नाही!"

पुढच्या फेरीला जागा पुन्हा पहिल्यासारख्या करून केतकीनं झोपलेल्या सावनीच्या पाठीमागे हळूच आपला तळवा सरकवला आणि तशीच वाकडी होऊन चालत राहिली. येणारे-जाणारे बघत होते. बघू देत. पाच-सात मिनिटं काहीच झालं नाही. मग शेजारच्या सीटवर बाळानं ओठ काढले, आणि केतकीच्या तळव्याला थरथर जाणवली. मुठीला व्हायची तीच, तश्शीच. सावनीची सीट सावकाश सरळ झाली. तिच्या बाजूचा टप बोटभर मागे सरकला आणि उन्हाची तिरीप नेमकी तिच्या पापण्यांवर आली. सावनीनं डोळे उघडले, बाळाकडे पाहिलं आणि अर्धवट झोपेतच "मंऽ मंऽ मंऽ" सुरू केलं.

केतकीनं गाडी तिथूनच घराकडे वळवली.

मुलांच्या प्रत्येक यंत्राला 'का?' असं लिहिलेलं एक बटण असायलाच हवं, असा कायदा एव्हाना झाला होता. ते दाबलं की यंत्रानं आपण काय केलं आणि कशासाठी, हे साध्या भाषेत सांगायचं. लोक ते फारसं दाबत नसत. केतकीनं घरी येऊन पोरांना सुयोगच्या हवाली केलं, अंगणात गाडीपुढे बसकण मारली आणि बटण दाबलं.

"सावनीला का उठवलंस?"

"सावनी नावाची व्यक्ती माझ्या नोंदीत नाही," गाडी नम्रपणे म्हणाली.

केतकीला तोंडात मारल्यासारखं झालं. तिनं पुन्हा विचारलं, "उजव्या सीटवरच्या मुलीला का उठवलंस?"

"ताईला. बाळाचा श्वास बिघडला होता. ताईच्या गुणगुणण्यानं बाळ सरासरी अकरा सेकंदांत शांत होतं. मी सीट डुलवली तर पन्नास सेकंद लागतात. आईनं उचललं तर सत्तर."

"पण ती झोपली होती ना! झोपलेल्या मुलाला उठवायचं नाही, असा तुला नियम नाही?"

"आहे. मी तो पाळते. बाळ झोपलेलं असताना मी कधीही उठवत नाही. सांभाळणाऱ्या व्यक्तीला मात्र सूचना देता येते. या घरात सांभाळणारे तीन आहेत. आई, बाबा आणि ताई. ताई सगळ्यांत तत्पर आहे."

"तिचं वय काय आहे, माहितीय तुला?"

"वजन आणि उंचीवरून साडेतीन ते चार वर्षं."

"मग ती मूल नाही का?"

"घरातल्या बोलण्यात तिला मूल म्हटल्याचं आढळलं नाही. सात दिवसांत 'तू आता मोठी झालीस' हे वाक्य एकेचाळीस वेळा आलं. 'ताई ना तू, समजून घे' एकोणतीस वेळा. 'बाळाकडे लक्ष दे' बावन्न वेळा. 'रडायचं नाही, बाळ उठेल' अठरा वेळा. त्यावरून मी तिचं काम ठरवलं."

"कोण म्हणालं हे सगळं?" केतकीनं विचारलं. विचारायच्या आधीच तिला उत्तर माहीत होतं.

"बहुतेक वाक्यं आईची आहेत," गाडी म्हणाली.

सुयोगला तिनं सगळं सांगितलं तेव्हा तो आधी गाडीवर भडकला आणि मग, का कुणास ठाऊक, केतकीवर. "अगं, मोठी बहीण आहे ती. थोडं सांभाळलं बाळाला तर काय आभाळ कोसळतं? आणि तिला आवडतं की! विचार तिला."

"आवडतंच रे. त्याचीच तर भीती वाटते मला."

"आता हे काय नवीन?"

 केतकी आत गेली आणि तिनं फलटणला आईला फोन लावला. केतकीला पाठचा एक भाऊ होता, हृषीकेश, तिच्याहून साडेतीन वर्षांनी लहान.

"आई, हृषी झाला तेव्हा मी कशी होते गं?"

"तू?" आईचा आवाज एकदम फुलला. "तुझ्यासारखी शहाणी पोर नाही बघितली मी. चार वर्षांची नव्हतीस पुरती, तर त्याला थोपटून झोपवायचीस. माझ्या मागे शाळेची नोकरी, स्वयंपाक, सासूबाईंचं दुखणं. तू होतीस म्हणून निभावलं बघ. कधी हट्ट नाही, कधी रडणं नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही! अगदी लाख पोर."

"आणि मला कोण झोपवायचं?"

 पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"आठवत नाही गं," आई शेवटी म्हणाली. "झोपत असशील की तुझी तू." आणि मग जरा हळू आवाजात, "का विचारतेस?"

"काही नाही, असंच," केतकी म्हणाली. फोन ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ती रडली. रडताना तोंडावर पदर दाबला होता, कारण आतल्या खोलीत बाळ झोपलेलं होतं. आपण काय करतोय ते लक्षात आल्यावर तिला स्वतःचाच राग आला.

एकोणिसाव्या दिवशी ती सावनीला घेऊन दुकानात गेली. शबानानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ती दचकली नाही, आणि गाडीत काही बिघाड आहे असंही म्हणाली नाही.

"शिकलेलं सगळं पुसून देते मॅडम, दोन मिनिटांचं काम. ही मुलगी आहे, मूल आहे, असं मी हातानं लिहूनही देते. पण घरात तेच बोलणं चालू राहिलं तर आठवड्याभरात गाडी पुन्हा तिथंच येणार. ती ऐकते तेच खरं मानते."

"म्हणजे मला माझी जीभ बदलायला पाहिजे."

"तुमची, दादांची, आजीची, शेजाऱ्यांची." शबाना हसली. "मी सहा भावंडांतली थोरली. मला विचारा."

केतकीनं विचार केला. बोलणं बदलायचं तर बदलेलच ती, जिद्दीची होती. पण सवय एका आठवड्यात मोडत नाही, आणि तोवर रोज सकाळी ती थरथर सावनीच्या पाठीला लागणार. आपली चूक दुरुस्त होईपर्यंत पोरीनं कळ काढायची? दुसऱ्या बाजूनं, ही गाडी सोडली तर तो चढ, ती पिशवी, आणि रडणारं बाळ. ही तीन आठवड्यांची शांतता तिला हवीहवीशी झाली होती. प्रयोगशाळेत ती पुन्हा माणसांत आली होती. गाडी गेली की ते सगळं डळमळणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

"मोटर आहे पण डोकं नाही, अशी काही गाडी येते का?" तिनं विचारलं.

"येते ना. आम्ही तिला बिनडोकच म्हणतो. चढावर जोर लावते, बाकी काही कळत नाही तिला." शबानानं कोपऱ्यातून एक लांबोडी गाडी ओढून आणली. "फक्त ही पुढे-मागे आहे. बहुतेक लोक बाळाला पुढे घेतात आणि मोठ्याला मागे, म्हणजे मोठ्याचं लक्ष राहतं."

कोण कोणाकडे बघतंय, हा फरक. केतकीला आता ते पुरतं उमगलं.

"उलटं करा. सावनी पुढे, तोंड रस्त्याकडे. बाळ मागे, तोंड माझ्याकडे."

सावनी इतका वेळ गप्प ऐकत होती. ती एकदम म्हणाली, "मग मला बाळ दिसणारच नाही!"

"नाहीच दिसणार."

"आणि रडलं तर?"

"मी आहे ना मागे. ते माझं काम आहे."

सावनीनं या बोलण्यावर खूप विचार केला. कपाळाला आठ्या पडल्या. "मग मी काय करू?"

साडेतीन वर्षांच्या पोरीनं इतक्या गंभीरपणे हा प्रश्न विचारावा, याचं केतकीला वाईट वाटलं. "काही नाही," ती म्हणाली. "बस नुसती. बघ काय दिसतं ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी बिनडोक गाडी गोडोलीतून निघाली. केतकीला साडेनऊला पोचायचंच होतं. पाण्याचे नमुने वेळेत लावले नाहीत तर ते वाया जातात आणि पुन्हा गोळा करायला माणूस पाठवावा लागतो. पहिल्या वळणावरच बाळ कुरकुरलं. सावनीची मान गर्रकन मागे वळली, पण मधे सीटची उंच पाठ होती. तिनं अंदाजानंच "मंऽ मंऽ" सुरू केलं.

"सावनी," केतकी म्हणाली, "पुढे काय दिसतंय गं?"

"काही नाही." मग थोड्या वेळानं, "एक माणूस आहे. त्याच्या डोक्यावर खुर्ची आहे."

"खुर्ची? उलटी की सुलटी?"

"उलटी! आई, पाय वर आहेत!" ती खुदकन हसली आणि गुणगुणायचं विसरली. मग तिला एक कुत्रं दिसलं, दोन कुत्री दिसली, गॅलरीत गुळण्या करणारे आजोबा दिसले. इतके दिवस याच रस्त्यानं जात होती, पण जणू पहिल्यांदाच आल्यासारखी ती एकेक नाव घेऊन सांगत होती.

इकडे बाळानं मात्र सूर लावला होता. केतकीनं खुळखुळा वाजवला, गाल थोपटले, टप खाली घेतला. अकरा सेकंद गेले, सत्तर गेले, पाच मिनिटं गेली. बाळ लालबुंद. समोरून येणाऱ्या एका बाईंनी "अहो, उचला त्याला!" असं सांगितलं. केतकी गाडी थांबवून बाळाला उचलायला वाकली, तेवढ्यात पुढच्या सीटवरून आवाज आला.

"आई, मला उचल."

केतकीचे हात बाळाच्या काखेत होते. सावनीनं असं शेवटचं कधी म्हटलं होतं, हे तिला आठवेना. बाळ झाल्यापासून तर नाहीच. तिच्या जिभेवर ते वाक्य अगदी तयार होतं, गाडीनं एकेचाळीस वेळा मोजलेलं. तिनं ते गिळलं. बाळाला पुन्हा सीटवर ठेवलं, पट्टा लावला आणि पुढे जाऊन सावनीला कडेवर घेतलं. पोर जड झाली होती. इतकी जड कधी झाली, हेही तिला माहीत नव्हतं.

सावनीनं खांद्यावर डोकं टेकलं. "बाळ रडतंय," ती म्हणाली.

"हो, रडतंय."

"मग?"

"रडू दे थोडं. आता तुझी पाळी."

 सावनीचा श्वास बिघडलेला केतकीला छातीवर जाणवला, कुठलंही रडार नसताना, आणि ती रडायला लागली. आधी बारीक, मग मोठ्यानं, मग भोकाड पसरून, नाक-डोळे एक करून.

"काय झालं गं? कुठे दुखतंय का?"

"माहीत नाहीऽऽ!" सावनी हुंदक्यातून ओरडली.

रस्त्याच्या कडेला दोन्ही पोरं टाहो फोडत होती. जाणारे-येणारे आईकडे अशा नजरेनं बघत होते की बस. नऊ चाळीस झाले होते. एका हातानं गाडी हलवत, दुसऱ्या हातानं सावनीची पाठ चोळत केतकी चढाच्या मधोमध उभी राहिली.

"रड बाळा, रड हवं तेवढं," ती सावनीच्या कानाशी म्हणाली. "मला काही घाई नाही."

हे धडधडीत खोटं होतं, पण सावनीला ते पटलं आणि ती आणखी मोठ्यानं रडायला लागली.